बांगडा काढून पाहा

हा लेख पुढे वाचण्याआधी एक काम करा. हाताशी असेल तो कागद आणि पेन्सिल घ्या आणि एक बांगडा काढा. पुस्तक उघडू नका, बाजारात जाऊ नका, मनात जसा आहे तसा काढा. बांगडा कधी पाहिलाच नसेल तर रोज खिडकीशी येणारा कावळा काढा. दोन मिनिटं पुरेत. मग कागद बाजूला ठेवा. त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

हेच काम आम्ही मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेत सातवीच्या मुलांना दिलं होतं. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी मासेमारी. कुणाचे बाबा होडीवर जातात, कुणाची आजी बाजारात टोपली घेऊन बसते. ताजा बांगडा कसा ओळखायचा, तो कुठून कापायचा, हे या मुलांनी आम्हाला शिकवावं अशी परिस्थिती. चित्रं मात्र आली ती एकाच साच्यातली. लंबगोल अंग, मागे त्रिकोणी शेपटी, अंगभर कौलांसारखे खवले, एक गोल डोळा आणि हसरं तोंड. तो बांगडा नव्हता, तारली नव्हती, पेडवाही नव्हता. तो नुसता ‘मासा’ होता. बालवाडीच्या भिंतीवरून आणि पुस्तकांतून आलेला.

पुढच्या शनिवारी आम्ही बांगडे घेऊनच वर्गात गेलो. दोघांत एक, केळीच्या पानावर ठेवलेला. पहिली पाच मिनिटं पेन्सिलला हात लावायचा नाही, फक्त पाहायचं. नंतर काढायचं. नियम एकच: दिसतं ते काढायचं, दिसत नाही ते काढायचं नाही.

थोड्याच वेळात वर्गात गडबड सुरू झाली. पाठीवर एक नाही, दोन पर आहेत! पुढचा पर पाठीवरच्या खाचेत मिटून बसलेला असतो. पेन्सिलीच्या टोकाने हलकेच उचलला तर पंख्यासारखा उघडतो. दुसऱ्या पराच्या मागे शेपटीकडे करवतीच्या दात्यांसारखं काहीतरी आहे. मोजलं, तर पाच चिमुकले पर वरच्या बाजूला आणि पाच खालच्या बाजूला. शेपटी त्रिकोणी नाही, तिला मध्ये खोल खाच आहे. छातीवरच्या पराजवळ एक काळा ठिपका आहे. खवले तर इतके बारीक की एकेक काढताच येत नाहीत. आता तुमचा बाजूला ठेवलेला कागद पाहा. यातलं काय काय त्यात आलं आहे?

आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटलं ते पुढे घडलं. चित्रांबरोबर प्रश्न आले. पाठ काळपट निळी-हिरवी आणि पोट चंदेरी, असं का? वरून पाहणाऱ्याला माशामागे खोल काळं पाणी दिसतं, खालून पाहणाऱ्याला उजळ आकाश. दोन्हीकडून लपायचं तर पाठ गडद आणि पोट फिकट हवं. हे उत्तर मुलांनी थोड्या मदतीने स्वतःच काढलं. एक मुलगी म्हणाली, असे बारके पर इसवणीलाही असतात. मग आठवडाभर घरोघरी मासे तपासणं झालं. इसवणीला, म्हणजे सुरमईला, असतात. गेदरीला, म्हणजे टूनाला, असतात. मोजणी वेगळी येते, पण रचना तीच. तारलीला मात्र ते नसतात. बांगडा, सुरमई आणि टूना हे शास्त्रज्ञांनी एकाच कुळात घातलेले मासे आहेत. या मुलांनी त्या कुळाची एक खूण वर्गीकरणाचा धडा सुरू होण्याआधीच शोधून काढली होती.

रोज पाहूनही दिसत नाही

जी मुलं रोज बांगडा पाहतात, धुतात, खातात, त्यांना त्याचे चिमुकले पर चित्रात का आणता आले नाहीत? त्यांचं लक्ष नसतं म्हणून? आम्हाला तसं वाटत नाही.

रोजच्या व्यवहारात पाहण्याचं काम ओळखण्यापुरतंच असतं. टोपलीत बांगडा आहे की तारली, हे एका नजरेत कळलं की डोळ्यांचं काम संपलं. मेंदू नाव सांगतो आणि पुढच्या कामाला लागतो. प्रत्येक वस्तूचा प्रत्येक तपशील तपासत बसलो तर दिवस पुरणार नाही, तेव्हा ही सवय सोयीचीच आहे. पण चित्र काढायची वेळ आली की मेंदू त्या नावाचीच ठरावीक खूण हाताला पुरवतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांतले शब्द वापरायचे तर मुलांनी काढलं ते स्मरणचित्र होतं. पण स्मरण माशाचं नव्हतं, दुसऱ्या कुणीतरी काढलेल्या चित्राचं होतं.

समोर पाहून काढताना ही पळवाट बंद होते. कारण रेघ मोघम असू शकत नाही. ‘माशाला पर असतात’ हे वाक्य न पाहताही लिहिता येतं आणि ते बरोबरही असतं. पण पर काढायचा म्हटलं की तो कुठे सुरू होतो, कुठे संपतो, किती उंच आहे, डोक्यापासून किती अंतरावर आहे, या सगळ्यांची उत्तरं द्यावी लागतात. उत्तर माहीत नसलं तर पुन्हा माशाकडे पाहावं लागतं. चित्र काढणारा मूल अर्ध्या तासात असं कितीतरी वेळा पाहतं. निरीक्षण म्हणतात ते हेच.

एकच चंद्र, दोन चित्रं

विज्ञानाच्या इतिहासात याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १६०९ सालच्या जुलै महिन्यात इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियट या गणितज्ञाने दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि त्याचं चित्र काढलं. त्यात प्रकाश आणि अंधार यांच्या सीमेची एक वेडीवाकडी रेघ आहे आणि काही काळे डाग आहेत. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत गॅलिलिओने चंद्र पाहिला. त्याच्या चित्रांत डोंगर आहेत, खड्डे आहेत, खड्ड्यांच्या एका काठावर ऊन आहे आणि दुसऱ्या काठाला सावली. सूर्य उगवताना आधी शिखरं उजळतात तशी अंधाऱ्या भागात उजळलेली टोकंही आहेत. चंद्र गुळगुळीत गोळा नसून पृथ्वीसारखाच खडबडीत आहे, हा निष्कर्ष त्याने मार्च १६१० मध्ये प्रसिद्ध केला.

गॅलिलिओची दुर्बीण अधिक चांगली होती, हे खरं. पण काही इतिहासकार आणखी एक कारण देतात. गॅलिलिओ चित्रकलेत मुरलेला होता. उंचसखल पृष्ठभागावर छाया-प्रकाश कसा पडतो याचा त्याच्या डोळ्याला सराव होता. गॅलिलिओचं पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर हॅरियटनेही चंद्राची चित्रं काढली आणि त्यांत खड्डे दिसू लागले! चंद्र तोच होता. काय पाहायचं हे आता त्याला माहीत झालं होतं.

गोव्याहून निघालेला गेंडा

न पाहता काढलेल्या चित्राचं काय होतं, याची गोष्ट आपल्या शेजारूनच सुरू होते. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना भेट दिलेला एक गेंडा १५१५ च्या सुरुवातीला गोव्याहून जहाजाने पोर्तुगालला रवाना झाला आणि मे महिन्यात लिस्बनला पोचला. कित्येक शतकांत युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. जर्मनीतल्या आल्ब्रेख्त ड्यूररने तो पाहिलाच नाही. एक वर्णन आणि एक कच्चं चित्र यांच्या आधाराने त्याने गेंड्याचा लाकडी ठसा तयार केला. त्यात गेंड्याची कातडी लोखंडी चिलखतासारखी आहे आणि मानेच्या मागे खांद्यावर एक छोटं जादा शिंग आहे. चित्र इतकं देखणं होतं की पुढची दोनशेहून अधिक वर्षं युरोपातल्या पुस्तकांत त्याच्या नकला छापल्या जात होत्या, त्या जादा शिंगासकट. चित्र सुंदर असलं म्हणजे ते खरं असतं असं नाही.

याउलट कोकणातली कातळशिल्पं पाहा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी प्राणी कोरून ठेवले आहेत. हत्ती, वाघ, मासे, शार्क, वागळी अशा आकृत्या त्यांत ओळखता येतात. काही आकृत्या गेंड्याच्या असाव्यात असं अभ्यासक मानतात, आणि आज कोकणात गेंडा नाही. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या आत अनेक लहानमोठे प्राणी कोरलेले आहेत. अशी काही स्थळं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत आली. त्यांत मालवण तालुक्यातलं कुडोपीही आहे. ही चित्रं का कोरली यावर मतं अनेक आहेत. पण एक गोष्ट आमच्या कामाची आहे. कुणीतरी पाहून काढलेलं चित्र पुढच्यांना पुरावा म्हणून उपयोगी पडतं, काढणाऱ्याच्या मनातही नसलेल्या प्रश्नांसाठी.

ठरावीक खुणेचं चित्र वाईट असतं असं मात्र नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२० पानं. त्यांतला मत्स्य कोणत्या जातीचा हे कुणी विचारत नाही आणि कूर्माच्या पाठीवरचे तुकडे कुणी मोजत नाही. डावात हाती आलेलं पान चटकन ओळखता आलं पाहिजे, आणि चिताऱ्याचं ते काम चोख आहे. घोटाळा होतो तो आपल्या प्रयोगवहीत. तिथे आपण खूण काढतो आणि वर ‘निरीक्षण’ असं शीर्षक देतो.

आमच्या लाल पेनाची गोष्ट

हे सगळं आम्हाला आधीपासून कळत होतं असं नाही. ही गोष्ट सांगायला थोडा संकोच वाटतो, पण सांगायला हवी.

एका चाचणीत ‘माशाचं चित्र काढून भाग दाखवा’ असा प्रश्न होता. एका मुलीने पानाच्या आकाराचा चपटा मासा काढला. तोंड वाकडं आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला, एकमेकांना चिकटून. आमच्यापैकी बरेच जण घाटावरून बदलून आलेले. आम्ही त्यावर लाल फुली मारली आणि शेजारी लिहिलं, ‘बाजूने पाहताना एकच डोळा दिसेल.’ मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने वर्तमानपत्रात गुंडाळून एक मासा आणला आणि टेबलावर ठेवला. तो लेप होता. दोन्ही डोळे एकाच बाजूला, तोंड वाकडं. तिचं चित्र अगदी बरोबर होतं.

लेप हा खरोखर विलक्षण मासा आहे. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा त्याचे डोळे इतर माशांसारखेच दोन बाजूंना असतात आणि तो उभा पोहतो. वाढता वाढता एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला जातो आणि मासा एका कुशीवर तळाशी पडून राहू लागतो. असा बदल उत्क्रांतीत टप्प्याटप्प्याने कसा झाला असेल, यावर डार्विनच्या काळी मोठा वाद झाला होता. अर्धवट सरकलेल्या डोळ्याचा काय उपयोग, असा आक्षेप होता. २००८ मध्ये सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या प्रौढ माशांचा एक डोळा खरोखरच अर्ध्या वाटेवर होता. एवढा मोठा धडा त्या मुलीच्या चित्रात होता आणि आम्ही त्यावर फुली मारली होती.

ती फुली आम्ही वर्गासमोर खोडली. पण तिने मासा आणला नसता तर? आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं शाळेत चालत नाही, पुस्तकातलंच काढायचं असतं, हे ती कायमचं शिकली असती. वर्गातली बाकीची मुलं ते आधीच शिकली होती. पहिल्या दिवशीचे ते हसरे, त्रिकोणी शेपटीचे मासे त्यातूनच आले होते.

कसं काढायचं?

यासाठी चित्रकलेच्या शिक्षकाची वाट पाहायची गरज नाही. कागद, पेन्सिल आणि एक दोरा पुरतो. आमच्या अनुभवातून काही गोष्टी सांगतो.

आधी पाहा. किमान पाच मिनिटं हात रिकामे ठेवा. मुलं चुळबुळतात. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटानंतर त्यांना नवीन गोष्टी दिसू लागतात.

मोजा. पेन्सिल डोळ्यांसमोर धरून डोकं अंगाच्या किती पट आहे ते पाहा. डोळा तोंडाच्या कोपऱ्याच्या पुढे येतो की मागे? पर किती, पाय किती, पट्टे किती, हे चित्राशेजारी आकड्यात लिहा.

खोडरबर दूर ठेवा. चुकलेली रेघ तशीच राहू द्या, शेजारी दुसरी काढा. आपण कुठे फसलो हेही त्यावरून कळतं.

दिसलं नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका. पाय वाळूत असतील तर ते काढायचे नाहीत. हा नियम मुलांना सर्वांत कठीण जातो, आणि आम्हालाही. पण उत्तम प्रश्न याच जागांवरून येतात. वागळीचं चित्र काढताना एका मुलाने तिला उलटी केली. तोंड खाली, कल्ल्यांच्या पाच-पाच फटीही खाली आणि डोळे मात्र वर. त्याने विचारलं, “सर, रेवेत बसल्यार ही श्वास खयसून घेता?” पुन्हा पाहिलं तेव्हा प्रत्येक डोळ्यामागे एक भोक सापडलं. तळाशी बसलेली वागळी या भोकांतून पाणी आत घेते.

तारीख, वेळ, जागा आणि भरती-ओहोटी लिहा. तारखेविना चित्र निम्मं वाया जातं. ते का, हे पुढे पक्ष्यांच्या बाबतीत दिसेल.

किनाऱ्यावर काय काढाल?

रापणीत किंवा लिलावात आलेले मासे हा सर्वांत सोपा विषय. ते हलत नाहीत. खडकांतल्या डबक्यांसाठी ओहोटी गाठावी लागते. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती, हा जुना हिशेब मुलांना करायला द्या. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि दुपारी ओहोटी. हा हिशेब अंदाजाचा आहे, गावागणिक थोडा फरक पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत दूर जातं, पण तेव्हा ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. निघण्याआधी गावातल्या मच्छीमारांना विचारा आणि पाणी वाढायला लागलं की खडकांवरून परत फिरा.

शंख काढताना एक गंमत आहे. शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे असा शंख धरा. तोंड उजवीकडे येतं की डावीकडे? पुळणीवरचे जवळजवळ सगळे शंख उजवे निघतील. आठवणीतून काढलेल्या चित्रांत मात्र निम्मे डावे असू शकतात. रेम्ब्रांटसारख्या थोर चित्रकाराने १६५० मध्ये शंखाचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर जसं दिसलं तसंच कोरलं. छापताना ते उलटलं आणि उजवा शंख कायमचा डावा झाला! आपला ‘दक्षिणावर्ती’ शंखही असाच कोड्यात टाकतो. परंपरेत शंख शेंडा खाली धरून पाहतात, त्यामुळे तोंडाची बाजू बदलते. शास्त्रज्ञ ज्याला डावा म्हणतात तोच आपला दुर्मीळ दक्षिणावर्ती. दोघांचंही बरोबर आहे, फक्त धरायची पद्धत वेगळी. म्हणून शंख कसा धरला होता तेही चित्राशेजारी लिहा.

खेकड्याला पाय किती? नांग्या धरून दहा. मुलांच्या चित्रांत सहापासून बारापर्यंत काहीही येतं. कुर्ली उलटी करून पोटावरची झडप काढा. अरुंद टोकदार असेल तर नर, रुंद असेल तर मादी. खाडीच्या चिखलात एक नांगी अवाढव्य असलेले छोटे खेकडे दिसतात. ते नर. मोठी नांगी कुणाची उजवी, कुणाची डावी. वर्गाने मिळून मोजदाद ठेवली तर छोटासा अभ्यासच होईल.

हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या अंडी घालायला येतात. कासवाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. रात्री बॅटरी घेऊन त्यांच्यामागे जाणं टाळलंच पाहिजे, कारण उजेडाने आणि वर्दळीने मादी अंडी न घालता परत फिरू शकते. पण सकाळी वाळूवर तिचा माग उरलेला असतो. घरट्याची राखण करणाऱ्यांना विचारून, घरट्यापासून दूर राहून, दोऱ्याने मापून तो काढा. रिडलेचा माग सुमारे पाऊण मीटर रुंद असतो आणि त्यात डाव्या-उजव्या वल्ह्यांच्या खुणा आळीपाळीने पडलेल्या असतात. हिरवं कासव दोन्ही वल्ही एकदम मारतं, त्यामुळे त्याच्या खुणा जोडीने समोरासमोर येतात. कासव न पाहताही ते कोणतं होतं हे चित्रावरून सांगता येतं.

पक्षी हलतात, म्हणून मुलं आधी घाबरतात. एका पानावर एकच चित्र काढायचं नाही. पक्षी हलला की अर्धवट सोडून दुसरं सुरू करायचं. तो पुन्हा पहिल्यासारखा बसला की पहिलं पुढे न्यायचं. उडत्या पक्ष्याची फक्त बाह्यरेषा घ्या. बंदरावर घिरट्या घालणाऱ्या घारीची शेपटी खाचेची असते, ब्राह्मणी घारीची गोलसर, तर समुद्र गरुडाची आखूड आणि पाचरीसारखी, शिवाय तो पंख इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे वर उचलून तरंगतो. तीन रेघांत तीन पक्षी वेगळे होतात. आणि तारखेचं महत्त्व कळतं ते कुरवांमुळे. डिसेंबरात काढलेल्या कुरवाचं डोकं पांढरं असतं, कानाजवळ एक काळपट ठिपका. मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या आधी काढाल तर अनेकांचं डोकं गडद तपकिरी झालेलं असतं. तारखा नसतील तर हे दोन वेगळे पक्षी वाटतील. तारखा असतील तर पिसं बदलण्याचा धडा वहीतच तयार होतो.

सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतालचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे. तिथून जीव उचलून आणणं योग्य नाही. शाळेच्या संग्रहासाठी इतरत्रही बरण्या भरू नयेत. रिकामा शंखसुद्धा एखाद्या शंखवासी खेकड्याला घर म्हणून हवा असतो. चित्र काढलं की शंख जिथे होता तिथे परत ठेवता येतो.

मोबाइल असताना चित्र कशाला?

हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. छायाचित्र क्षणात मिळतं आणि त्यात तपशीलही भरपूर येतात. पण ते तपशील कॅमेऱ्याने टिपलेले असतात, आपण पाहिलेले असतातच असं नाही. अमेरिकेत एका संग्रहालयात केलेल्या आणि २०१४ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात, ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र एखादा बारकावा जवळून टिपायला सांगितला तेव्हा हा तोटा दिसला नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की लिहून काढलेल्या शब्दांपेक्षा चित्र काढलेले शब्द लोकांना जास्त आठवतात, चित्र कसंही आलेलं असलं तरी. म्हणून आमच्या वर्गात मोबाइलला बंदी नाही, पण तो चित्रानंतर. आधी काढायचं, मग फोटोशी ताडून पाहायचं.

ताडून पाहणं गरजेचंही आहे, कारण चित्र फसवूही शकतं. अमेरिकी निरीक्षक पर्सिव्हल लॉवेल वर्षानुवर्षं दुर्बिणीतून मंगळ पाहून त्यावरच्या सरळ कालव्यांचं जाळं काढत राहिला. १९६५ मध्ये मरिनर-४ यानाने जवळून छायाचित्रं पाठवली, त्यांत कालवे नव्हते. अस्पष्ट ठिपके त्याच्या मनाने रेघांनी जोडले होते. यावर उपाय साधा आहे. एकच वस्तू दोघांनी स्वतंत्रपणे काढावी आणि मग चित्रं शेजारी ठेवावीत. जिथे ती जुळत नाहीत तिथे दोघांनी पुन्हा वस्तूकडे जावं.

गुण कशाला द्यायचे?

सुंदर चित्राला जास्त गुण दिले की हा सगळा खटाटोप फुकट जातो. ‘मला चित्रकला येत नाही’ म्हणणारी मुलं लगेच मागे सरतात आणि बाकीची पुस्तकातलं सुबक चित्र उतरवू लागतात. आम्ही चारच गोष्टी पाहतो. मोजलेले आकडे समोरच्या वस्तूशी जुळतात का? प्रमाणं ढोबळमानाने बरोबर आहेत का? तारीख, जागा, वेळ लिहिली आहे का? आणि चित्रातून निदान एक प्रश्न निघाला आहे का? चौथ्या गोष्टीला आम्ही सर्वांत जास्त गुण देतो. वाकड्या रेघांचे, पण पाच-पाच चिमुकले पर नीट मोजलेले बांगडे या पद्धतीत पहिले येतात.

शिक्षकानेही मुलांबरोबर बसून काढावं, अशी आमची विनंती आहे. आपलं चित्र मुलांपेक्षा वाईट येईल, तर येऊ द्या. मुलांना पाहिलेलं आणि आपल्याला न दिसलेलं असं काहीतरी प्रत्येक वेळी निघतंच, आणि ते कबूल करण्याची सवय लाल पेन हातात असणाऱ्याला फार उपयोगी पडते.

समुद्र जवळ नसेल तरी अडत नाही. शाळेच्या अंगणातला डोंगळा, कुंपणावरचा सरडा, पन्हाळीखालचा कोळी, गोठ्यातल्या म्हशीचा कान, काहीही चालेल. आधी आठवणीतून काढा, मग समोर बसून काढा, आणि दोन्ही चित्रं एकाच पानावर शेजारी शेजारी चिकटवा. त्या दोन चित्रांत काय फरक पडला आणि मुलांनी कोणते प्रश्न विचारले, ते आम्हाला जरूर कळवा.